टू-सीटर, मुक्काम गडहिंग्लज

गोव्याला जाताना तुम्ही गडहिंग्लजला कधी थांबलाय? खरं सांगा. पुण्या-मुंबईच्या बहुतेक मंडळींचं उत्तर 'पाच मिनिटं, चहाला' असंच असणार. कोल्हापूर मागे टाकायचं, निपाणी, संकेश्वर, मग हायवे सोडून आजरा-आंबोली-सावंतवाडी. मधलं गडहिंग्लज म्हणजे बाजारातली गर्दी आणि 'अजून आंबोली किती?' हा प्रश्न. मीसुद्धा दहा वर्षांत या रस्त्यानं पंधरा-वीस वेळा गेलो असेन. गावाचं नाव न चुकता लिहिता येतं, एवढीच आमची ओळख. गेल्या जानेवारीत मात्र तिथे चक्क मुक्काम पडला. ठरवून नाही. पुढचं डावं चाक तापलं म्हणून.

आधी चाकाच्या मालकिणीची ओळख करून देतो. सॅन स्टॉर्म. नाव ऐकलं नसेल तर तुमची चूक नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात, वेर्ण्याला, सॅन मोटर्स नावाच्या कंपनीनं एक उघडी, दोन सीटची स्पोर्ट्स कार बनवायला घेतली. म्हणजे सबंध देश मारुती ८०० मधून सँट्रो-इंडिकात उतरत होता, तेव्हा! फायबरग्लासची बॉडी, कापडी हूड आणि पुढे रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, युरोपात क्लिओ-ट्विंगोसारख्या छोट्या गाड्यांत असायचं ते. ताकद साठ हॉर्सपॉवरच्या घरात. आजची कुठलीही हॅचबॅक तिला सिग्नलवर मागे टाकेल. पण बुड रस्त्यापासून वीतभर वर आणि डोक्यावर आकाश असताना साठचा स्पीडसुद्धा एकशेवीसचा वाटतो, त्याचं काय करायचं?

गाड्या मोजक्याच बनल्या, कंपनी थंडावली आणि माझ्यासारखे काही येडे त्या सांभाळत बसले. माझी २००३ची. मी ती २०१४ साली घेतली, पहिला मोठा बोनस मिळाला तेव्हा. बाबा म्हणाले, "दोनच सीट? मग आम्ही कुठं बसायचं?" तेव्हा हसलो. अकरा वर्षांनी तोच प्रश्न वेगळ्या रूपात आला. मार्चमध्ये आमच्याकडे बाळ येणार होतं. बायकोनं भांडण वगैरे केलं नाही. तिनं बाळाच्या कार सीटचं माप काढलं, टेप घेऊन पार्किंगमध्ये गेली, आणि परत येऊन टेप माझ्या हातात दिली. बस्स.

गिऱ्हाईक म्हापशाचं मिळालं. तिशीच्या आतला मुलगा, फोनवर आवाज थरथरत होता. गाडी गोव्यात जन्मली, तिला गोव्यातच परत न्यायची म्हणाला. टोकनही पाठवलं. मी म्हटलं, ट्रकवर चढवून नको, मीच चालवत आणतो. शेवटची राइड. फिल्मी वाटतं ना? वाटू द्या.

त्या फोनवर त्यानं एक प्रश्न विचारला होता. "टायमिंग बेल्ट बदललाय ना?" मी म्हणालो, "हो, झालाय." खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. २०१४ साली ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी मला हेच सांगितलं होतं, "झालाय." कधी, किती किलोमीटरला, कुठे, काही नाही. मी स्वतः तो बेल्ट कधी बदललेला नव्हता. हे वाक्य मनाच्या डिकीत टाकून मी निघालो.

संकेश्वरला हायवे सोडला आणि हिटणीपाशी पुन्हा महाराष्ट्रात शिरलो. निपाणी-संकेश्वर कर्नाटकात, गडहिंग्लज पुन्हा आपल्याकडे, त्यामुळे इथली माणसं एकाच वाक्यात दोन राज्यं फिरून येतात. ऊस तोडणीचा सीझन. समोर ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या वर ऊस, आणि मागे लाइट नाही. आमची गाडी एवढी बुटकी की ट्रॉलीवाल्याला आरशात दिसतच नाही. असं चार वेळा ब्रेक मारत, सोडत आलो. पाचव्यांदा ब्रेक सोडला, तर गाडी सुटली नाही. डावीकडे ओढायला लागली. आणि खिडकीतून जळक्या, आंबूस वासाची एक झुळूक आली. मला वाटलं, कुठलं तरी गुऱ्हाळ असेल. माणूस स्वतःच्या गाडीबद्दल किती आशावादी असतो बघा!

गावाबाहेर थांबून चाकाजवळ हात नेला. टेकवायची गरज पडली नाही, लांबूनच चटका.

एका पानपट्टीवाल्यानं गॅरेज दाखवलं. पत्र्याचं शेड, दोन ट्रॅक्टर उघडे, एक जुनी जीप घोडीवर, आणि साठीतले मिस्त्री. गाडी आत आली तशी पोरं जमली. मिस्त्रींनी गाडीकडे नाही, आधी माझ्याकडे पाहिलं.

"कुठं निघालायसा?"

"गोव्याला. आंबोलीवरनं."

"ह्या चाकावर?"

पुढचा अर्धा तास मी गप्प उभा राहून जे पाहिलं, ते अकरा वर्षांत कुठल्या एसी वेटिंग लाउंजच्या काचेतून दिसलं नव्हतं. चाक वर उचललं, हातानं फिरवून पाहिलं, जाम. पोराला ब्रेक मारून सोडायला सांगितलं, तरी जाम. मग त्यांनी कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल जरासा सैल केला. ब्रेक ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक गरकन फिरलं. "कॅलिपर ठीक हाय," ते म्हणाले, "त्येला वरनं सुटी मिळंना. होज आतनं सुजलाय बगा."

ब्रेकचा रबरी होज बाहेरून दिसतो धडधाकट. वीस वर्षांत रबर आतून फुगतं, भोक बारीक होत जातं. तुम्ही पाय दाबता तेव्हा जोराचा दाब त्यातून पुढे जातो, पण पाय काढल्यावर ऑइलला परत यायला वाट मिळत नाही. ब्रेक लागतो, सुटत नाही. चाक घासतच राहतं, तापतं, ती उष्णता ऑइलमध्ये जाते. आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवंकोरं डॉट थ्री ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, तेच ओल धरलेलं असेल तर मानकाप्रमाणे १४० अंशांपर्यंतच तग धरणं बंधनकारक असतं. ते उकळलं की पाइपात वाफ. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणजे पेडल थेट जमिनीला, आणि गाडी आपली चाललीय.

आता आंबोलीचा घाट डोळ्यांसमोर आणा. गडहिंग्लजकडून जाताना घाट चढावा लागतो असं वाटतच नाही. हिरण्यकेशी नदीच्या सोबतीनं आजऱ्यावरून हळूहळू वर सरकायचं आणि एकदम सह्याद्रीच्या कडेवर यायचं. जवळजवळ सातशे मीटर उंची. मग ती सगळीच्या सगळी एका दमात कोकणात उतरायची. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला धुकं.

मिस्त्रींनी जुना होज काढून मला दिला. फुंकर मारून बघा म्हणाले. मारली. गाल फुगले, पलीकडे काही नाही.

"शेवटचा कवा बदलला?"

माझ्याकडे उत्तर होतं, तेही एक्सेलमध्ये! मी आयटीतला माणूस, गाडीची शीट ठेवतो. फोनवर उघडली. पार्टचं नाव, तारीख, किलोमीटर, खर्च, शेरा. ब्रेक होजसमोर तारखेचा रकाना रिकामा आणि शेऱ्यात लिहिलेलं, 'पुढच्या सर्व्हिसला'. हा शेरा २०१७पासून खाली खाली कॉपी होत आला होता. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, मी चार वर्षं ओढलं होतं. बेल्टसमोर 'आधीच्या मालकांनी केला'. बाकी शीट मात्र काय भरलेली होती! लेदरची सीट कव्हर्स ३८,००० रुपये. नवीन हूड. अलॉय व्हील्स. स्टीअरिंगला लाकडी फिनिश. हाताला, डोळ्याला, इन्स्टाग्रामला दिसणारं सगळं वेळेवर, किंबहुना वेळेच्या आधीच.

पुण्यात जुन्या गाड्यांच्या मंडळींत एक वाद नेहमी चालतो. एक पार्टी म्हणते, चाललंय ना, मग हात लावू नका, मोडेल तेव्हा बदला. दुसरी म्हणते, तारीख आली की सगळं काढून फेका. पहिली रस्त्यात अडकते, दुसरी कर्जात. मी अकरा वर्षं सोयीनुसार दोन्हीकडे होतो. गडहिंग्लजच्या या मिस्त्रींनी तो वाद नाकातल्या तपकिरीसारखा शिंकरून टाकला. "पार्ट दोन जातीचं," ते जॅक खाली घेता घेता म्हणाले. "येक बोलतंय, येक मुकं हाय. बेरिंग बोलतंय. शॉकअप बोलतंय. क्लच, सायलेन्सर, समदी आदी वरडत्यात. त्येंचं ऐकत ऐकत चालवायचं, घाई न्हाई. मुक्यास्नी मातर इचारत बसायचं न्हाई. त्येंची तारीख लिवून ठिवायची."

मुके कोण? रबराचे आणि द्रवाचे बहुतेक सगळे. ब्रेकचे होज, ब्रेक ऑइल, कूलंटचे पाइप, पेट्रोलचा पाइप, टायमिंग बेल्ट, आणि टायर. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १२१६ असेल तर २०१६ सालचा बारावा आठवडा. माझ्या टायरवर नेमकं तेच होतं. नक्षी मस्त, खोल, कारण गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटरही धावत नव्हती. आमच्यासारख्यांची इथेच गफलत होते. आपण किलोमीटर मोजतो आणि खूश होतो, 'गाडी चाललीच कुठंय?' आणि रबर आपलं उभ्या उभ्या म्हातारं होत असतं. उलट रोज धावणाऱ्या टॅक्सीचे हे पार्ट वेळेवर बदलले जातात, कारण तिच्याकडे कुणाचं तरी लक्ष असतं. फायबर बॉडीचंही तसंच. बॉडी गंजत नाही म्हणून मालक निर्धास्त, आणि खालचा सांगाडा लोखंडीच, तो गुपचूप गंजतोय. मिस्त्रींनी खाली आडवं होऊन तिथे टॉर्च मारला, दोन ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहिला आणि मान डोलावली. तेवढा मी वाचलो.

आमच्या जिल्ह्यात, म्हणजे आता मी तो आमचाच म्हणणार, याचं सगळ्यात देखणं उदाहरण दर दसऱ्याला दिसतं. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपतींच्या घराण्याची १९३६ची मेबॅक निघते. नव्वदीच्या घरातली गाडी. लोक तिचा रंग बघतात, दिमाख बघतात. मी यापुढे होज बघणार.

आता प्रश्न होता नव्या होजचा. सॅन स्टॉर्मचा होज गडहिंग्लजला कशाला मिळतोय! शेडमधल्या एका उत्साही पोरानं ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पाइप आणला. "ह्यो घाला की, लई दम हाय ह्यात." मिस्त्रींनी तो त्याच्या हातातून घेऊन कोपऱ्यात फेकला. "ब्रेकचं काम ब्रेकच्याच होजनं." मग जुन्या होजची लांबी मोजली, टोकाचे आटे गेजनं तपासले, फोटो काढला आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुणाला तरी पाठवला. शिवाजी उद्यमनगर म्हणजे ऑइल इंजिनांपासून नटबोल्टपर्यंत जे मागाल ते बनवणारं, नाहीतर जुळवून देणारं खटलं. तासाभरानं निरोप आला. दुसऱ्या एका देशी गाडीचा होज मापात बसतोय, संध्याकाळच्या वडापनं पाठवतो. वडाप म्हणजे काय ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. इतरांसाठी, माणसं भरली की सुटणारी जीप. ती माणसं नेते, दुधाचे कॅन नेते आणि आमचा ब्रेकही आणते.

"एकच सांगितला ना?" मी विचारलं.

"दोन. डावा-उजवा जोडीनंच बदलायचा. येक बाजू नवी, येक जुनी, मग गाडी येकीकडंच धरतीया."

म्हणजे संध्याकाळपर्यंत मी मोकळा. मिस्त्रींनी त्यांची स्कूटर दिली आणि म्हणाले, "गडावर जाऊन या."

सामानगड गावापासून दहा-बारा किलोमीटर. जांभ्या दगडाचं पठार, वर तटबंदी, आणि खरी कमाल म्हणजे विहिरी. कातळात खोदलेल्या, पायऱ्या उतरत आत जायचं, एकामागून एक कमानी. सात कमानींची म्हणून प्रसिद्ध असलेल्या विहिरीत मी अगदी खालपर्यंत गेलो. बाहेर ऊन रणरणत होतं, आत फ्रीज उघडल्यासारखं. आपल्याकडे किल्ला म्हटलं की लोक तोफ शोधतात. पण इथे लढायला लागणारं नव्हे, टिकायला लागणारं जे होतं ते खणून ठेवलंय. रसद आणि साहित्य साठवायचा गड, म्हणून सामानगड, असं सांगतात. नावातच स्पेअर पार्ट!

१८४४ साली कोल्हापूर संस्थानातलं गडकऱ्यांचं बंड इथूनच पेटलं. पिढ्यान् पिढ्या गड सांभाळणाऱ्यांचे हक्क आणि जमिनी नव्या कारभारात धोक्यात आल्या आणि त्यांनी दरवाजे लावून घेतले. बंड मोडलं, गडाची पाडापाड झाली. तटावर बसून समोर पाहिलं, खाली ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर. याच तालुक्यात नेसरीची खिंड आहे. २४ फेब्रुवारी १६७४ला प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले ते ठिकाण. तिथे स्मारक आहे, पण स्कूटरमध्ये पेट्रोल किती आहे याची खात्री नव्हती, म्हणून गेलो नाही. पुन्हा कधीतरी.

परत आलो तर मार्केट यार्डाच्या बाजूनं खोकला सुरू झाला. मिरची! जानेवारी म्हणजे इथे मिरचीच्या सौद्यांचा हंगाम. संकेश्वरी, जवारी, लालभडक लांबट मिरचीचे ढीग, आणि व्यापारी, शेतकरी, हमाल सगळे नाकाला रुमाल न लावता निवांत उभे. शिंकत होतो तो मी एकटा. कोल्हापुरी तिखटाची जी दहशत आपण पुण्यात 'एक्स्ट्रा स्पायसी' म्हणून मिरवतो, तिचं हे माहेर. एका शेतकऱ्यानं एक मिरची मोडून बी दाखवलं आणि किती वाळली की किती वजन घटतं ते समजावलं. फार वाळवली तर वजन जातं, कमी वाळवली तर काळी पडते. त्याचाही प्रश्न 'कधी?' हाच होता. आणि त्याच्याकडे एक्सेल नव्हतं. त्यानं मूठभर मिरच्या कानाशी धरून हलवल्या. बी वाजलं पाहिजे म्हणाला.

संध्याकाळी एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर गेलो. क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात कोल्हापूर फुटबॉलचं, हे ठाऊक होतं, पण गडहिंग्लजचं फुटबॉलप्रेम स्वतंत्र आहे. धुरळा, सायकली लावून बसलेले आजोबा, आणि पाच-सात वर्षांची पोरं अशा सफाईनं पास देत होती की मी अर्धा तास हललोच नाही. शेजारच्या टपरीवरच्या मावशींना आणखी एक चहा सांगितला. "आणतो, बसा," म्हणाल्या. इकडच्या बायका 'आणते' म्हणत नाहीत, 'आणतो, जातो, येतो' म्हणतात. ऐकायला काय झकास वाटतं!

तिथेच बसून मी तो विचार केला जो दिवसभर टाळत होतो. होज बदलायचा हा निर्णय सोपा होता. घाट मीच उतरणार होतो, जीव माझा. पण बेल्ट? तो घाटानंतरही राहणार होता, आणि तेव्हा गाडी माझी नसणार होती. मिस्त्रींना दुपारी विचारलं होतं. ते म्हणाले, "बेल्ट हितं मिळायचा न्हाई, आणि ह्या इंजिनचं टायमिंग लावायचं टूल माज्याकडं न्हाई. मी हात लावणार न्हाई." मग जरा थांबून, "बेल्ट तुटला तर गाडी थांबती. ब्रेक गेला तर थांबत न्हाई. म्हणून आज ब्रेक." थोडक्यात, म्हापशापर्यंत जायला हरकत नाही. पण काही इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि काही हजारांच्या पार्टापायी अख्खं इंजिन उघडावं लागतं. ते बिल कुणाच्या नावावर फाटणार होतं? ज्यानं पहिल्याच गाडीसाठी पैसे साठवले होते त्या पोराच्या.

विकायला काढलेल्या गाडीवर कुणी खर्च करत नाही, हा आपल्याकडचा अलिखित नियम. पॉलिश मारतात. मीही मारलं होतं.

बायकोला फोन केला. तिनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "त्याला सांगितलंस?" मी म्हटलं, उद्या पोचल्यावर सांगतो. ती म्हणाली, "पोचल्यावर गाडी त्याच्या दारात असेल आणि चार शेजारी बघत असतील. मग तो नाही कसं म्हणेल?" हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. की आलं होतं, कोण जाणे.

म्हापशाला फोन लावला. बेल्टची तारीख मला माहीत नाही, मी ऐकीव सांगितलं होतं, टायर जुने आहेत, आणि आज ब्रेकचा होज गेलाय, तो बदलून आणतोय. सगळं एका दमात. पलीकडे इतकी शांतता की मला वाटलं, रेंज गेली. मग तो म्हणाला, "आधी का नाही सांगितलं?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टोकन परत हवं असेल तर आत्ता पाठवतो, म्हटलं. "विचार करून सांगतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

साडेसातला वडाप आली. मिस्त्रींनी कंदिलासारखा एक बल्ब लटकवून काम सुरू केलं. नवा होज, दोन्हीकडे तांब्याचे नवे वॉशर. बसवल्यावर लगेच चाक लावलं नाही. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, चाक लोंबतं ठेवून, मग दाबून. होज कुठे ताणतोय का, टायरला घासतोय का, हे चारही वेळा हात घालून पाहिलं. "मापात बसला म्हंजी बसला असं न्हवं," म्हणाले. जुनं ऑइल काढलं, चहासारखं काळपट. नवं मधासारखं. चारी चाकांची हवा काढायला पाऊण तास. बिल १,८५० रुपये, मजुरीसकट. मी पुन्हा एकदा मनातल्या मनात ३८,००० च्या सीट कव्हर्सवर बसलो.

रात्री लॉजवर झुणका, भाकरी, खर्डा आणि डोळ्यांत पाणी. सकाळी सहा वाजता मेसेज होता. 'या. बेल्ट आणि टायरचे पैसे वजा करून बोलू.'

गडहिंग्लज सोडलं तेव्हा थंडी मी म्हणत होती. हूड उघडं ठेवलं, कानटोपी घातली. संकेश्वर-बांदा रस्ता आता रुंद झालाय. आजऱ्यापर्यंत ऊस आणि भातखाचरं, पुढे काजू आणि झाडी. आंबोलीला पोचण्याआधी हिरण्यकेशीच्या उगमाशी थांबलो. देवळामागच्या गुहेतून पाणी येतं, इतकं थोडं, इतकं स्वच्छ, की गडहिंग्लजच्या पुलाखालची हीच ती नदी, हे पटवून घ्यावं लागतं.

घाटात धुकं होतं. दुसऱ्या गिअरला गाडी इंजिनवरच उतरवली, ब्रेक फक्त वळणाआधी, दाबला की सोडला. पाय नको तेवढा हलका पडत होता. प्रत्येक वेळी सोडल्यावर कान डाव्या चाकाकडे. काही ऐकू आलं नाही. मुका पार्ट, तो काय बोलणार! दाणोलीला सपाटीवर आल्यावर उतरलो आणि दोन्ही चाकांजवळ हात धरला. दोन्ही सारखीच कोमट.

म्हापशाला तो पोरगा दारात नव्हे, रस्त्यावर येऊन उभा होता. गाडीभोवती फिरला नाही, सीटवर हात फिरवला नाही. आधी टायरपाशी उकिडवा बसला आणि चार आकडे वाचायला लागला. मी शीट त्याला मेल केली, शेऱ्यांसकट. चौदा हजार कमी केले. २०२३ला केलेल्या पासिंगचे कागद दिले, तेव्हा रिन्युअलची फी सहाशेवरून ५,००० झाली होती ती कुरकुरही त्याला ऐकवली. किल्ली देताना दोघांनाही काही सुचलं नाही. त्याच्या आईनं सोलकढी आणली.

परतीला एसटी. खिडकीची जागा, आंबोली चढताना झोप लागली, जाग आली ती तिखट वासानं. गडहिंग्लज. स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. उतरून मिस्त्रींना फोन केला, पोचवली म्हटलं. "बरं झालं," म्हणाले, "जीप आलीया, ठिवतो."

आठवड्यानं म्हापशाहून एक फोटो आला. काळा बेल्ट, वर्तमानपत्रावर ठेवलेला. खाली लिहिलं होतं, 'काढून बघितला. दिसायला ठीक होता. तरी बदलला. तारीख टाकली शीटमध्ये.'